बोल्ट की वेल्डिंग

सासुरवाडीच्या खडकाळ वाटेवर आमची जीप दगडावर टेकली आणि दाराखालचा पत्रा असा चेपला, की दारच उघडेना. सासूबाई आत अडकल्या. त्यांना दुसऱ्या बाजूने उतरवताना बायको एवढंच म्हणाली, “आता तरी रॉक स्लायडर बसवा.” म्हणजे दाराखाली लावायचे जाड लोखंडी पाइप. दगडाचा मार तेच सोसतात.

तेव्हापासून माझी चिडचिड सुरू झाली. बोल्टचे पाइप हवे तेव्हा काढता येतात, पण आपटून आपटून ढिले होतात. वेल्डिंगचे पक्के, पण कापल्याशिवाय सुटत नाहीत. मला मजबुतीही हवी होती आणि माघारीची सोयही. असं जगात काही मिळत नाही, हे कळत असूनही मी अडून बसलो.

आज गॅरेजमध्ये मिस्त्री तयारीने उभा राहिला, तरी माझं ठरेना. शेवटी बायकोच म्हणाली, “वेल्डिंग करा. काढायचेत कशाला?”

संध्याकाळी त्याच वाटेने गेलो. पाइप दगडाला करकरून घासला, पण मी खाली उतरून पाहिलं, तर पत्र्याला ओरखडाही नव्हता.

“झालं समाधान?” तिने खिडकीतून विचारलं.

“झालं. पण बोल्टचे घेतले असते तर...”

तिने खिडकीची काच वर केली.