मधली पाटी

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लालबागहून निघताना एक म्हातारा नेहमी माझ्या पुढे असायचा. मूठ वर, मान ताठ, जबडा पार कानापर्यंत उघडलेला, पण घोषणेचा आवाज काही फुटत नसे. आम्ही ओरडून घसे बसवून घेत होतो आणि हा नुसताच रुबाबात चालायचा.

शेवटी मी विचारलंच, "आजोबा, घसा बसलाय का तुमचा?"

"नाय रे. सवय ती. मी मूकपटातला."

मग परळच्या इराण्याकडे चहा पिताना त्याने सगळं सांगितलं.

"पिक्चर भिल्लांच्या बंडाचा. खरा भिल्ल एक नव्हता त्यात. गिरणीतले नि कचेरीतले आम्हीच अंगाला काजळी फासून धनुष्यं घेऊन धावलो. 'आमचं रान परत द्या' म्हणून जीव तोडून ओरडलो. पण मूकपटातलं बोलणं दोन दृश्यांच्या मधल्या पाटीवर लिहून यायचं. सेन्सॉरच्या गोऱ्या साहेबाला ती पाटी खटकली. कंपनीच्या मालकाने मुकाट बदलली, 'चला, गाव लुटू या.' झालो आम्ही दरोडेखोर. गिरगावच्या थेटरात पडद्यावर मी गोळी लागून पडलो, तेव्हा माझ्या सख्ख्या काकाने टाळ्या वाजवल्या."

दुसऱ्या दिवशी तो त्याच टेबलावर पेपर घेऊन बसला होता. मोर्चाचा फोटो छापून आला होता. पुढे तोच, मूठ वर, तोंड उघडं. खाली लिहिलं होतं, 'दुकानं लुटायला निघालेले गुंड.'

त्याने चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं आणि पेपर माझ्याकडे सरकवला.

"पाटी लिहिणारा अजून नोकरीत आहे वाटतं."