तिच्या उंचीची गाडी

ओंदिना गेद्झोला "जरा हळू बोल" म्हणणारा माणूस आमच्या व्हेनिसमध्ये अजून जन्माला यायचा आहे. ती बोलायला लागली की कालव्यापलीकडच्या खिडकीतली मांजरं उठून बसतात. मी मालाची होडी चालवतो, आणि होडीतून उतरलेला माल हातगाडीवर घालून ती लोकांच्या दारात पोचवते. निम्मं आयुष्य आम्ही एकत्र काम केलं, पण लिबेरो या माझ्या नावाने तिने मला कधी हाक मारली असेल तर शपथ. मी आपला कायमचा जाड्या.

आमच्याकडे कोणी अंतर विचारत नाही. "किती पूल?" एवढंच विचारतात. पूल म्हणजे एका बाजूने पायऱ्या चढायच्या, दुसऱ्या बाजूने उतरायच्या, आणि पायरी तर एकीसारखी दुसरी नाही. म्हणून आमच्या हातगाडीला दोन मोठी हवेची चाकं असतात आणि त्यांच्या पुढे दोन छोटी. छोटी आधी वरच्या पायरीवर टेकवायची, मग दांडे उचलून मोठी चढवायची. असं प्रत्येक पायरीला. हे काम बघायला सोपं वाटतं. बघणाऱ्याला काय जातंय!

आमच्या हमालांच्या संस्थेत गाड्या सगळ्यांच्या. सकाळी जो आधी येईल त्याने चांगली गाडी घ्यावी, उशिरा येणाऱ्याने खडखडणारी. स्वतःची गाडी ठेवणं म्हणजे माज, असं आमच्यात मानतात. पण सगळ्यांच्या म्हणजे कोणाच्या, हे कोणी कधी विचारलं नाही. दांडे सगळे उंच पुरुषांच्या मापाचे. ओंदिना ठेंगणी. तिच्या ते छातीशी यायचे, आणि उचलताना कोपरं पार कानापर्यंत जायची. तिचा उजवा खांदा त्यातच गेला.

संस्थेचा प्रमुख जिल्दो तालिआपिएत्रा. माणूस वाईट नाही, पण ताडमाड उंच आणि स्वतःच्या चांगुलपणावर फार खूश. एका सकाळी गाड्यांच्या शेडमध्ये सगळ्यांसमोर तो तिला म्हणाला, "ओंदिना, खांदा दुखतो ना तुझा? उद्यापासून तू हॉटेलांच्या चादरी ने. तिजोऱ्या, फ्रीज, यंत्रं पोरं बघतील."

बाकीचे हमाल माना वळवून बघायला लागले.

"चादरी?" ओंदिना म्हणाली.

"तुझ्या भल्यासाठीच सांगतोय गं."

"माझं भलं तुला विचारलं कोणी? खांदा माझ्या वयाने नाही दुखत, तुझ्या दांड्यांनी दुखतो. मी माझी गाडी आणते. मग तुझ्याकडे जे सगळ्यांत जड येईल ते मला दे. नेलं, तर माझ्या जड कामाला पुन्हा हात लावायचा नाही. नाही नेलं, तर जन्मभर चादरी. आहे कबूल?"

जिल्दो हसला. "गुरुवारी रुज्जेरो बेकरीवाल्याचं पीठ मळायचं यंत्र येतंय. ओतीव लोखंड आहे बाई, हत्तीचं पिल्लू."

"हत्तीण असती तरी चाललं असतं," ती म्हणाली.

मग सुरू झाली गाडीची शोधाशोध. आधी मी तिला मेस्त्रेला, जमिनीवरच्या गावातल्या मोठ्या दुकानात नेलं. तिथे अ‍ॅल्युमिनियमची एक चकचकीत गाडी होती, एका हाताने उचलावी अशी. दोन्ही बाजूंना तीन तीन चाकांचा गुच्छ, पायरी आली की तो गरकन फिरतो. मी तर भाळलोच. "हीच घे," म्हटलं.

ओंदिनाने गाडी उलटी केली आणि तिची सांधेजोड बघितली. "जाड्या, हा गुच्छ एका मापाच्या पायरीसाठी आहे. आपल्या पुलावर एक पायरी वीतभर, दुसरी हातभर. अर्धा फिरून अडकला की यंत्र माझ्या अंगावर. आणि जोड बघ, वेल्डिंगचे नुसते ठिपके दिलेत. घे तू, बायकोला भाजी आणायला होईल."

दुकानदार अदबीने म्हणाला, "बाई, पाच वर्षांची हमी आहे."

"मला गाडीची हमी नको, गाडी हवी," असं म्हणून ती बाहेर पडलीसुद्धा. मी त्या बिचाऱ्याची माफी मागत मागे धावलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुदेक्का बेटावर नाने रोसादाकडे गेलो. नाने म्हातारा लोहार, होड्यांचे नांगर आणि आमच्या गाड्या दोन्ही बनवतो. त्याच्याकडे एक तयार गाडी उभी होती. जाड नळीची, सांधे सगळीकडून भरून जोडलेले, वर जस्ताचा मुलामा. भरतीचं पाणी गल्लीत चढलं की त्यातलं मीठ रंगाखालून लोखंड खातं, जस्त मात्र त्याला तेवढं जुमानत नाही. ओंदिनाने आस हाताने चाचपला, चाकं फिरवून कान लावला, आणि मग माल ठेवायच्या पाट्यावर चढून चक्क उड्या मारायला लागली.

"पोरी, मोडशील!" नाने ओरडला.

"मोडायचीच तर इथे मोडू दे. पुलावर मोडली तर तुला शोधत यावं लागेल."

मोडली नाही. मग ती खाली उतरली आणि म्हणाली, "आता दांडे काप."

नानेने हातातली करवत मागे लपवली. "कापले तर ही दुसऱ्या कोणाला चालायची नाही. संस्थेत नाही, कुठेच नाही. विकायला गेलीस तरी भंगारात जाईल."

"दुसऱ्या कोणाला चालावी म्हणून घेतेय का मी? आजवर दुसऱ्यांच्याच चालवल्या."

नाने माप घ्यायला लागला तर तिने त्याचा हात धरला. "इथे फरशीवर नको. फरशीवर कोणीही राणी असतं." तिने गाडीवर त्याची जुनी ऐरण बांधायला लावली आणि आमची वरात समोरच्या पुलावर नेली. पायरीवर उभी राहून तिने ऐरणीचा भार अंगावर घेतला, आणि तिची कोपरं जिथे सुखाने राहिली तिथे नानेने दांड्यांवर खडूने खूण केली. चढताना एक, उतरताना एक. दोन्हींच्या मधोमध त्याने कापलं, आणि मुठी बसवून दिल्या.

शेडमध्ये गाडी आली तेव्हा हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. "बाबागाडी आली रे! बाळ कुठंय?"

"तू बस की," ओंदिना म्हणाली. "दूध पिऊन आलायस ना?"

मी वरवर हसलो खरा. पण एवढ्या आखूड दांड्यांनी जड माल आवरेल का, हे मलाच कळत नव्हतं. ती हरली तर चादरी, आणि चादरींवर ही बाई वर्षभरसुद्धा टिकली नसती. मला ती हवी होती माझ्या होडीच्या जोडीला. हे तिला सांगायची माझी हिंमत नव्हती.

गुरुवारी यंत्र आलं. आम्ही ते पट्ट्यांनी गाडीला आवळलं. मी पुढे, ओंदिना दांड्यांना, आणि जिल्दो खिशात हात घालून मागे, "सहज, सोबत" म्हणून. "पाय! पाय सांभाळा!" अशी तिची आरोळी गल्लीभर घुमत होती आणि माणसं भिंतीला चिकटत होती. पहिला पूल गेला. दुसरा गेला. तिची कोपरं कंबरेशी होती आणि ती चक्क गुणगुणत होती. असं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

बेकरीअलीकडचा शेवटचा पूल उभ्या चढाचा. चढलो. उतरताना मधल्या पायरीवर शहर बघायला आलेला एक पाहुणा आपली चाकांची बॅग आडवी टाकून कालव्याचा फोटो काढत उभा.

"पाय!" ओंदिना गरजली. माणूस हलेना. गाडी थांबवावी लागली, सगळा भार उतारावर लोंबकळत. मी खालून खांदा लावला. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

जिल्दो घाबरला. धावत आला, तिला बाजूला सारून त्याने दांडे धरले. "सोड, मी घेतो!"

दांडे त्याच्या मांड्यांशी. ताडमाड जिल्दो कमरेत पुरता वाकला, गुडघे पोटाशी आले, आणि भार त्याला खाली ओढायला लागला.

"कुठे धरू? ओंदिना, कुठे धरू?"

"धर की, सगळ्यांचीच गाडी आहे," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "वाक अजून. खांदा सैल सोडू नकोस. मजा येतेय?"

"ओंदिना, देवाशपथ, घे!"

तिने दांडे घेतले. तोवर मी खांदा न काढता एका हाताने त्या पाहुण्याची बॅग उचलून कठड्यावर ठेवली होती आणि तो बाजूला झाला होता. मग ती एकेक पायरी उतरली, धप, धप, आणि यंत्र रुज्जेरोच्या दारात नेऊन उभं केलं. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

जिल्दो मात्र पुलावरच. कंबर धरून बसलेला, सरळ होता येईना. ओंदिना रिकामी गाडी घेऊन परत वर गेली.

"बस," ती म्हणाली.

"नाही! सगळे बघतील!"

"बघू देत. बस म्हणते ना."

आणि बसला तो. काय करणार? पूल चढवत, उतरवत, "पाय! पाय सांभाळा!" करत तिने प्रमुखांना शेडच्या दारापर्यंत आणलं. आतली सगळी माणसं बाहेर आली. कोणी हसलं नाही. जिल्दोने पाट्यावर बसल्या बसल्याच सगळ्यांकडे बघितलं.

"जड काम हिचंच राहील," तो म्हणाला. "आणि उद्यापासून हिच्या गाडीला कोणी हात लावायचा नाही."

"उद्यापासून कशाला?" ओंदिना म्हणाली. "आजपासून. ऊठ, उतर."