आपलं अंग, परकं अंग

साठ-एकसष्ट साली धाकट्या बहिणीचं तोंड भरून आलं तेव्हा आमच्या घरात आनंद झाला होता. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. पोर मुळात काडी. त्यात पावसाळाभर हातापायांवर खरजेचे फोड पिकलेले. ते वाळले आणि थोड्याच दिवसांत तिचे गाल फुगले. प्रकाशा गावाहून आत्या आली ती दारातूनच ओरडली, "पोर कशी भरी ऊनी वं!"

झालं! आमच्याकडे पोराला कुणी असं म्हटलं की आधी दृष्ट काढायची. आईने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट जबरच होती, असं ठरलं. रोज दृष्ट काढणं सुरू झालं, आणि पोर अंग धरतेय म्हणून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, लोणचं, मागेल ते ताटात. सुजेला आम्ही बाळसं समजत होतो.

लघवी आधी कोऱ्या चहासारखी झाली, मग होईचना. तेव्हा शहाद्याच्या दवाखान्यात नेलं. एसटीत ती माझ्या मांडीवर होती. तिच्या नडगीवर बोट टेकलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा.

डॉक्टर पुण्याकडचा, तरुण माणूस. म्हणाला, "फोडांतल्या जंतूंशी लढायला शरीराने जे तयार केलं, तेच मूत्रपिंडांत जाऊन अडकलंय. जंतू केव्हाच मेले, पण लढाई थांबलेली नाही. बहुतेक मुलं यातून उठतात. हिची मात्र दोन्ही बंद पडत चालली आहेत."

मी धुळ्याचं विचारलं, मुंबईचं विचारलं. तो म्हणाला, एवढा प्रवास तिला झेपणार नाही. मी त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

आईला त्याची पुस्तकी मराठी कळत नव्हती. मी शाळामास्तर, म्हणून सांगायचं काम माझ्यावर. दोन्ही बंद पडताहेत एवढं ऐकताच तिने पदर खोचला.

"मंग मन्हं एक काढी ल्या. पोरले वाचाडा."

मी ते मराठीत सांगितल्यावर डॉक्टर मान खाली घालून म्हणाला, "आपल्याकडे ही सोय नाही. विलायतेत एकसारख्या जुळ्यांतल्या एकाचं दुसऱ्याला लावलंय, ते टिकलं. पण आईचं असलं तरी हिचं शरीर ते परकं समजेल आणि त्याच्यावरच उठेल."

हे आईला कोणत्या तोंडाने सांगायचं? शेवटी सांगितलं. "माय, तुन्हं तिले चालाव नही. तिन्हं आंग त्याले परकं समजी."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू हा निकाल मीच दिला होता. मग डॉक्टरकडे वळली. "नऊ महिना मन्हा पोटमा व्हती. मन्हा आंगनी तिले परकी म्हनं नही. मंग तिन्हं आंग माले कसं म्हनी?"

मी ते मराठीत सांगितलं.

"खरंय त्यांचं," डॉक्टर म्हणाला. "आईचं अंग पोटातल्या मुलाला परकं का समजत नाही, हे अजून शास्त्रालाही कळलेलं नाही."

बहीण तिथेच गेली. तोवर आई तिच्या खाटेवर, तिला छातीशी घट्ट धरून पडून राहिली. नर्स उठ म्हणाली, मी उठ म्हणालो, ती उठली नाही.