दादाच्या मॅकवर एंटर दाबू नका

कीबोर्डवर कंट्रोलचं बटन असताना कॉपी करायला कमांडचं बटन का दाबायचं?

हे मी दादाला कितीदा विचारलं असेल! तो नुसता हसायचा. "आधी दाब तर, मंग सांगतो." मी दाबायचो. तो सांगायचा नाही. आणि आता कोणाला विचारू?

असो, चहा घ्या. आणि बसून घ्या, कारण मी जो पराक्रम केलाय तो उभ्यानं ऐकला तर पडाल.

आम्ही दोघं भाऊ. दादा म्हणजे प्रशांत, शिकलेला. मी पप्या. नववीत मी शाळा सोडली, का शाळेनं मला सोडलं, यावर घरात अजून एकमत नाही. मी टेम्पो चालवतो. दादा नवीन जालन्यात बियाण्याच्या पाकिटांची डिझाइनं करायचा. पाकिटावरची मिरची अशी लाल करायचा की नुसती बघून ठसका लागावा! फावल्या वेळात फ्लेक्स. आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी गेलेल्या माणसांना त्यानं कोट घातला. म्हाताऱ्यानं जन्मभर बंडी सोडून काही घातलेलं नसायचं, पण घरच्यांना फ्लेक्सवर कोट-टाय पाहिजे म्हणजे पाहिजेच.

हे सगळं तो त्याच्या मॅकवर करायचा. मला तो त्या मशीनला हात लावू द्यायचा. मी हात लावला की मग तो कपाळाला हात लावायचा.

तुम्ही नवीन मॅक घेणार असाल तर माझ्याकडून फुकटात शिकून घ्या. लाल टिंब दाबलं म्हणजे दुकान बंद झालं असं समजू नका. खिडकी मिटते, प्रोग्राम आत बसून राहतो! खिडकी मिटायची तर कमांड आणि डब्ल्यू. प्रोग्रामच घालवायचा तर कमांड आणि क्यू. आता ही दोन बटनं शेजारीशेजारी ठेवायची अक्कल कोणाची? मी एकदा डब्ल्यूच्या जागी क्यू दाबला. मशीननं अदबीनं विचारलं, सेव्ह करू का? मी नको म्हणालो. म्हटलं, उगीच कशाला त्रास त्याला!

दादाची दुपारभराची भेंडी गेली. बियाण्याच्या पाकिटावरची.

"पप्या," दादा म्हणाला, "तू टेम्पो चालव. तिथं एकच क्लच हाय."

पण एक गोष्ट त्यानं मला पाठ करून दिली होती. फाइलवर एकदा क्लिक करायचं आणि स्पेसबार दाबायचा. फाइल न उघडताच आत काय आहे ते मोठं होऊन दिसतं. "कोणाला कायबी पाठवायच्या आधी स्पेस दाब. बघ. मंगच पाठव. काय?"

"बघायचं, मंग पाठवायचं."

हे तुम्ही लक्षात ठेवा. कारण मी नाही ठेवलं.

मग दादा गेला. ताप आला आणि आठवड्यात गेला. त्याच्याबद्दल मला अजून बोलता येत नाही, म्हणून मी मॅकबद्दल बोलतो.

माणूस गेला की आमच्यात पुण्यानुमोदन असतं. भंतेजी येतात, सगळे पांढऱ्या कपड्यांत बसतात, फोटोपुढं मेणबत्ती लावून वंदना होते. आईनं एकच गोष्ट मागितली. "त्याचा चेहरा मोठा दिसला पाहिजे. मला डोळे भरून बघायचंय."

काका म्हणाले, फ्लेक्सवाल्याला सांगू, तो बघंल सगळं. मी उसळलो! "माझ्या भावाचा फोटो दुसरं कोणी निवडणार न्हाई. मी देतो!" कोणीतरी एकानं तरी अडवायला नको होतं का?

मॅक उघडला. पासवर्ड मला माहीत होता, कारण दादा टाइप करताना तो मोठ्यानं म्हणायचा. आता फोटो. जो दुसऱ्यांचे फोटो नीट करतो त्याचे स्वतःचे कुठे असतात? एकच चांगला होता, चुलतबहिणीच्या लग्नातला. भिंतीला टेकून हसणारा. पुढचा फोटो माझा. तीच भिंत, एकाच ताग्यातला शर्ट, आणि आईच्या कृपेनं नाकही एकच.

दादाच्या फोटोवर क्लिक केलं आणि उघडायला दाबला एंटर.

इथंच मॅक माणसाला मारतो! एंटरनं फाइल उघडत नाही. तिचं नाव निळं होतं आणि मशीन वाट बघतं, की नवीन नाव लिहा. मला वाटलं, कोणाचा फोटो पाहिजे असं विचारतंय. मी लिहिलं, दादा. इंग्रजीत, चुका न करता. पुन्हा एंटर.

नाव बदललं की फाइल नावाप्रमाणे नव्या जागी जाते, हे मला कोण सांगणार? दादा सुर्रकन वर गेला. त्याच्या जागी खालचा फोटो सरकून आला. तीच भिंत, तोच शर्ट, चित्र नखाएवढं. मी तो उचलला आणि पेनड्राइव्हवर टाकला.

आणि स्पेस? नाही दाबला. विसरलो असं सांगत होतो सगळ्यांना. विसरलो नव्हतो. दाबला असता तर दादा एवढा मोठा होऊन समोर हसला असता, आणि मला ते जमलं नसतं.

फ्लेक्सच्या दुकानात गेलो तेव्हा रडून तोंड सुजलेलं होतं, म्हणून तोंडाला बांधलेला रुमाल सोडलाच नाही. ऑपरेटर चांगला पोरगा. म्हणाला, "भाऊ, फोटो एकच नंबर. कोट कोणता टाकू, निळा का काळा?"

"निळा."

"घरात ठेवायला फ्रेमबी याचीच करू?"

"कर."

संध्याकाळी त्यानं मोबाइलवर नमुना पाठवला. पाठोपाठ फोन. "बघितला का? बराबर हाय का?"

"बराबर हाय," मी म्हणालो. उघडलाच नव्हता.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच दुकानाची माणसं गावाच्या फाट्यावर फ्लेक्स बांधून गेली आणि जाताना फ्रेम घरी देऊन गेली, कागदात गुंडाळलेली. मी मावशीला आणायला मोटारसायकलवर फाट्यावर गेलो. तोंडाला रुमाल, नजर रस्त्यावर. बदनापूर स्टेशनवरून तिची रिक्षा आली. मावशी उतरली, तिनं वर बघितलं आणि पिशवी टाकून छाती बडवायला लागली.

"अरे माझ्या पप्या रे! तू बी गेला का रे लेकरा!"

मी म्हणालो, "मावशी, गाडीवर बस. उशीर होऊन राह्यला."

"तुला काळीज हाय का न्हाई रे बाबा? माझा धाकटाबी गेला अन् तू गाडीवर बस म्हणतो?"

मी वर बघितलं.

निळा कोट. लाल टाय. खाली मोठ्या अक्षरांत ‘कालकथित प्रशांत यांना भावपूर्ण आदरांजली’. आणि वर, भिंतीला टेकून हसणारा, मी!

रुमाल सोडला. "मावशी, हा बघ मी."

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा वर, आणि मला असा चिमटा काढला की मी जिवंत असल्याची मलाही खात्री पटली. रिक्षावाला मध्येच म्हणाला, "कोट फिट बसलाय पण."

ऑपरेटरला फोन लावला. तो तिकडून कळवळला, "भाऊ, तुम्ही तोंड दाखवलं असतं तर मी वळखलं नसतं का?"

फोन ठेवला, गाडी पळवली. मावशीनं मागून मला घट्ट धरलेलं, पुन्हा जाऊ नये म्हणून. पोहोचेपर्यंत आईनं कागद सोडला होता. फ्रेम तिच्या मांडीवर होती. फ्लेक्सवर मी, फ्रेममध्येही मीच.

मला वाटलं ती हसेल, नाहीतर थोबाडीत देईल. दोन्ही चाललं असतं.

तिनं फ्रेम पालथी घातली. "तुला असं बघायचं न्हाई मला," ती म्हणाली. "माझा प्रशांत कुठंय?"

भंतेजी दारात चपला काढत होते. पुन्हा छापायला वेळच नव्हता. मी आत धावलो, मॅक आणला आणि बुद्धमूर्तीच्या शेजारी पांढऱ्या कापडावर ठेवला. वायर लावली. सगळ्यात वर ‘दादा’ नावाची फाइल. एंटरकडं बघितलंसुद्धा नाही. स्पेस दाबला.

दादा मोठा झाला. भिंतीला टेकलेला, बिनकोटाचा.

आई पुढं सरकली. काकांनी हार आणला आणि स्क्रीनला घातला. तो सटकून कीबोर्डवर पडला, कोणतंतरी बटन दाबलं गेलं, आणि दादाच्या जागी लग्नाच्या पंगतीत जिलेबी खाणारे आमचे फुफाजी, आत्याचे मालक, आले! भंतेजींनी हात जोडलेले होते. मी हार उचलला, दादाला परत आणला आणि हार स्वतःच्या हातात धरून बसलो.

वंदना सुरू झाली. थोड्या वेळानं स्क्रीन मंद व्हायला लागली. मशीनला वाटलं, कोणी काम करत नाही, झोपावं. दादाचा चेहरा अंधारत गेला आणि आईच्या तोंडून कसातरीच आवाज निघाला. मी झटकन कीबोर्डखालच्या गुळगुळीत पट्टीवर बोट फिरवलं. उजेड आला. दादा हसत होता.

मग मी मॅकला चिकटूनच बसलो. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे उघडे. जरा उजेड कमी झाला की बोट फिरव. पुन्हा कमी झाला, पुन्हा फिरव. मागून चुलतबहीण कानाशी आली. "पप्या, सेटिंगमधी जाऊन हे बंद करता येतं."

"माहितीय मला," मी म्हणालो.

काही माहीत नव्हतं. पण माहीत असतं तरी केलं नसतं. मग मला काय काम उरलं असतं?

तो फ्लेक्स आता माझी मोटारसायकल झाकायला आहे. पाऊस आला की निळ्या कोटातला मी भिजतो आणि गाडी कोरडी राहते. गावातली पोरं जाता-येता हात जोडतात. जोडू द्या.

पण त्या दिवशी भंतेजींची शेवटची गाथा संपेपर्यंत, आईचं बघून होईपर्यंत, माझं बोट त्या पट्टीवर होतं. दादाला मी एकदाही विझू दिलं नाही. मग आईनं मान हलवली, आणि मी मॅक हळूच मिटला.