सरांची कललेली मान

आमचे सर मान सरळ ठेवून कुणाशी बोलले, असं मी कधी पाहिलं नाही. मान डावीकडे कललेली आणि तोंडात एकच वाक्य, "येऊ द्या बाई, एवढा एकच." अड्याळच्या बाजारात लोक त्यांना दुरूनच मानेवरून ओळखायचे. पोरं नक्कल करायची. मीही एकदोनदा हसले आहे. आता संताप येतो.

अकरा वर्षं मी त्यांच्या दातांच्या दवाखान्यात हाताखाली होते. तुम्ही दात दाखवायला गेला असाल तर ठाऊक असेल, तिथली खुर्ची आडवी होते. पेशंट झोपला की डॉक्टरला पाठ सरळ ठेवून काम करता येतं. पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या परक्या माणसापुढे कुठल्या आडव्या होतात? चपला मांडीवर घेऊन ताठ बसायच्या. एकीने तर पदर डोळ्यांवर ओढून घेतला आणि फक्त तोंड उघडलं. सर बिचारे वाकून, मान मुरडून तिची वरची दाढ शोधत राहिले. "आजी, आडव्या व्हा," असं मी म्हणायला गेले की मलाच थांबवायचे.

"राहू द्या बाई. त्यायले लाज वाटते."

लाज त्यांची आणि मान तुमची. हे मी तोंडावर बोलले नाही, हा माझा दोष.

दुपारी दोन ते चार बंद, अशी पाटी होती. तिच्यावरची धूळ मी रोज पुसायची, बाकी कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. डबा उघडला की शटर वाजायचं, डबा बंद व्हायचा. भंडाऱ्याच्या घरून मॅडम, म्हणजे सरांच्या बायको, मला फोन करायच्या, सर जेवले का? मी खोटंच हो म्हणायची. त्यांच्या मुलीला आंबागडचा किल्ला दाखवायचं दर हिवाळ्यात ठरायचं. मुलगी शाळा संपवून पुण्याला शिकायला गेली, किल्ला राहिला तो राहिलाच.

मग त्यांच्या उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मानेत नस दबली आहे, दोन महिने काम पूर्ण बंद, नाहीतर हात कामातून जाईल. सर कधी नव्हे ते घरी बसले. चार दिवस.

पाचव्या दिवशी माझ्या आईचा गाल सुजला, दाढ ठणकायला लागली. बसने तासाभरात भंडाऱ्याला दुसऱ्या डॉक्टरकडे नेता आलं असतं. मी सरांना फोन केला. फक्त गोळी विचारायला केला, असं मी स्वतःला अजूनही सांगते.

"दवाखाना उघडा बाई, येऊन राहिलो," सर म्हणाले. "एवढी एकच."

आई दोन्ही हातांनी खुर्ची धरून ताठ बसली. सर वाकले. मी ट्रे धरून उभी होते. दाढ जराशी हलली आणि सरांच्या हातातला चिमटा सुटून आईच्या मांडीवर पडला. सर आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग डाव्या हाताने उजवा हात आवळून धरला आणि ती दाढ काढलीच. गोळ्यांची नावं मी लिहिली, कारण त्यांना पेन धरता येत नव्हतं.

पुढे ऑपरेशन झालं. मानेचं दुखणं थांबलं, बोटांतली जाण परत आली नाही. दवाखाना तिशीतल्या एका डॉक्टरांनी घेतला. ते दोन वाजता शटर ओढतात आणि जेवतात. काही चूक नाही त्यांची, तरी मला त्यांचाही राग येतो.

गेल्या महिन्यात आईला दुसऱ्या दाढेसाठी त्यांच्याकडे नेलं. हातमोजे घालता घालता ते म्हणाले, "आजी, आडव्या व्हा."

आईने चपला खाली काढल्या, पदर नीट केला आणि आडवी झाली.

बाहेर येईपर्यंत मी कसाबसा दम धरला. "सरायच्या वक्ती काहून नाही झोपली वो माय?"

आईने गालावर पदर दाबून धरला. "त्यायनं कधी म्हटलं काय मले?"

सरांना सांगायला मी तिथेच मोबाइल काढला आणि तसाच पर्समध्ये ठेवला. एवढं एक मी त्यांना कळू देणार नाही.