तपासणीची कॅसेट

कळमेश्वरच्या कारखान्यातून मी निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली. परवा मालकांच्या मुलाचा फोन आला. "काका, कंपनीचा इतिहास पाहिजे. दोन पानं लिहून द्या, बस. तुमच्याशिवाय कोणाले माहीत आहे?"

इतिहास! तिथे आता मिठाईचे प्लास्टिकचे डबे बनतात. आधी कॅसेट्स बनायच्या, मग सीडी आल्या, आणि मोबाइलने दोन्हींचा बाजार उठवला. जुने कागद विचारले तर म्हणतो, "ते रद्दीत गेले काका, जागाच नव्हती." म्हणजे रद्दी यांनी विकायची आणि इतिहास माझ्या डोक्यातून उपसायचा. डोकंच फिरलं माझं. तरी हो म्हणालो, कारण मला एकदा कारखान्याच्या गोदामात शिरायचं होतं.

माझी बायको त्याच कारखान्यात होती, माझ्याच तपासणी खात्यात. प्रत्येक खोक्यातली एक कोरी कॅसेट काढायची, तीत थोडं बोलायचं आणि लावून ऐकायचं, हे तिचं काम. आवाज खणखणीत, म्हणून बोलायला नेहमी तीच. "सोमवार, पहिली पाळी, मशीन नंबर तीन," इथून सुरुवात, आणि मग मनात येईल ते. कधी भाजीचे भाव, कधी सासूची तक्रार, एकदा तर माझीच नक्कल. बाकीच्या बाया हसून लोळायच्या. पुढे घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला, आमच्या घरात व्हिडिओवाला मोबाइल यायच्याही आधी. आता ती टाइप करून बोलते. आठ वर्षांची नात मला विचारते, "आजी कशी बोलायची?" काय सांगू तिला?

गोदामात डब्यांच्या ढिगामागे एक खोकं सापडलं. वर माझ्याच अक्षरात 'तपासणी'. इतवारी बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून टेपरेकॉर्डर मागून आणला आणि त्याच गोदामात बसून एकेक कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकली. नुसती खरखर. शेवटच्या कॅसेटपर्यंत नुसती खरखर.

हे मला आधीच कळायला हवं होतं, याचाच जास्त संताप येतो. तपासलेली कॅसेट आम्ही वाया घालवत नसू. चुंबकाच्या मशीनवर फिरवून ती साफ पुसायची आणि कोरी म्हणून परत खोक्यात टाकायची. एकदा एका कॅसेटीत तिचा अर्धा शब्द राहून गेला, तर पुसणाऱ्याला मी सगळ्यांसमोर झापलं होतं. त्यानंतर ते मशीन मी स्वतःच चालवायचो, आणि एक शब्द सुटू दिला नाही. तेव्हा केवढा अभिमान होता मला त्याचा! आयुष्यभर कॅसेट्स बनवल्या, पण एक घरी न्यावी असं दोघांनाही कधी सुचलं नाही.

घरी येऊन तिला सगळं सांगितलं. मालकांना शिव्या दिल्या, त्यांच्या मुलाला दिल्या, रद्दीवाल्यालाही सोडलं नाही. तिने निवांत ऐकून घेतलं, टाइप केलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"त्यायले काहून शिव्या देऊन राहिले? पुसत तर तुमीच होते."

मग ती हसायला लागली. तपासणीच्या खोलीत हसायची तशीच, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला काहीच ऐकू आलं नाही.