नाडीवरून दिलेला निकाल

हृदय डाव्या बाजूला असतं, असं मी साठी उलटेपर्यंत धरून चाललो होतो. बैलांचा सौदा करणारा मी, बैलाचंही तसंच पाहायचो. पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे तळहात टेकवायचा, थोडा वेळ गप्प राहायचं, की आतला ठोका हाताला लागतो. विकणारे हसायचे. "दात पाहा, खूर पाहा, हे काय डॉक्टरी करून राह्यला?" म्हणायचे. पण धाप लागणारा बैल मी आयुष्यात एकदाही घेतला नाही.

धाप लागली ती मला. वर्ध्याच्या माझ्या घराला अकरा पायऱ्या आहेत. सहावीवर थांबावं लागायचं. बायको असती तर तिनं पहिल्याच आठवड्यात हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. ती जाऊन तीन वर्षं झाली आणि आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे मी चार महिने सहाव्या पायरीवर थांबत राहिलो आणि मग एका सकाळी एकटाच मोठ्या दवाखान्यात गेलो.

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणजे तिशीतली एक मुलगी. तिच्या टेबलावर प्लास्टिकचं हृदय होतं, खेळण्यासारखं उघडणारं. मी तिला विचारलं, "डावीकडंच असते ना हे?"

"सगळे असंच समजतात, काका. ते छातीच्या जवळजवळ मधोमध असतं. या सपाट हाडाच्या मागे, दोन फुफ्फुसांच्या मध्ये. खालचं टोक तेवढं डावीकडे झुकलेलं, म्हणून ठोका डावीकडे लागतो."

"आन् केवढं?"

"मूठ वळा."

मी वळली.

"साधारण एवढं."

या मुठीला बाजारात लोक दबून असत. मी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि टेबलाखाली घेतली.

तिनं ते हृदय उघडलं. वर दोन कप्पे, खाली दोन. उजवीकडचे कप्पे शरीरातून परत आलेलं रक्त घेतात आणि फुफ्फुसांकडे पाठवतात. तिथून ते ताजं होऊन डावीकडे येतं आणि डावा खालचा कप्पा ते डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत ढकलतो. म्हणून त्याची भिंत सगळ्यांत जाड. मधे झडपा, फक्त पुढे उघडणाऱ्या. आणखी एक गोष्ट तिनं सांगितली ती माझ्या मनात राहिली. एवढं रक्त हृदयातून दिवसरात्र जातं, पण त्याचे स्नायू त्या रक्तातून थेट काही घेत नाहीत. त्यांच्यासाठी बाहेरून वेगळ्या बारीक वाहिन्या आहेत.

"तुमची डावीकडची झडप नीट मिटत नाही. पुढे ढकललेलं रक्त थोडं मागे येतं."

"म्हणजे फाटकातून हाकललेला बैल परत आंगणात."

ती हसली. "तसंच. झडप बदलावी लागेल."

"गोळ्यांवर भागवा."

"भागत असतं तर मीच म्हटलं असतं."

"एक वर्स तरी द्या."

"काका, ते माझ्या हातात नाही. इथे घासाघीस चालत नाही."

"घासाघीस नाई करत, मॅडम. इचारून राह्यलो."

मग तिनं माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत विचारलं, "ऑपरेशनच्या दिवशी बाहेर कोण असेल? घरचं कोणीतरी लागेल. सहीला, आणि काही निर्णय घ्यायची वेळ आली तर."

"छाती माही, सही माही."

"तुम्ही बेशुद्ध असाल."

"मंग एक मानूस रोजीनं बसवतो."

"रोजीचा माणूस तुमच्याबद्दल निर्णय घेईल?"

मला राग आला. मला राग लवकर येतो, तो माझा जुना दुर्गुण आहे. मी म्हटलं, "नाई कोनी माह्यं." ते खरं नव्हतं. रोहण्याला, आमच्या गावी, माझा धाकटा भाऊ होता. बावीस वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

ते का, हे सांगायचं तर बैलबाजारातली रीत सांगावी लागेल. आमच्याकडे भाव तोंडानं ठरत नसे. घेणारा आणि विकणारा एका दुपट्ट्याखाली हात घालत आणि बोटं दाबून आकडा सांगत. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नसे. मी सोळाव्या वर्षी घरातून निघालो, मला कुणी काही शिकवलं नाही. बोटांची भाषा मी पाहून पाहून शिकलो. त्यात एक भर माझी स्वतःची होती. बोटं दाबताना माझा अंगठा समोरच्याच्या मनगटाच्या नसेवर असायचा. माणूस "याच्या खाली एक रुपया नाही" असं तोंडानं म्हणत असला, तरी त्याच्या मनातल्या खऱ्या आकड्याजवळ मी पोचलो की नस उडायला लागायची. मग मी तिथेच थांबायचो. ही युक्ती मी कुणाला सांगितली नाही. तिच्यावरच मी घर बांधलं.

वडील गेले तेव्हा मी यवतमाळकडच्या बाजारात होतो. तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या खिशात मोबाइल नव्हता. तिसऱ्या दिवशी रोहण्याला आलो तर राखही सावडून झाली होती. थोरला मुलगा मी. अग्नी भावानं दिला होता. अंगणात माणसं बसलेली होती. भाऊ उठून समोर आला आणि म्हणाला, "निरोप धाडला होता, दादा. बाजारातल्या चहावाल्यापाशी." मी सगळ्यांदेखत त्याचं मनगट धरलं.

"पुन्हा सांग."

"धाडला होता."

त्याची नस माझ्या अंगठ्याखाली धावत होती. मी हात झटकला आणि अंगणाला ऐकू जाईल असं म्हणालो, "खोटं बोलते हा. बापाले अग्नी द्याची घाई झालती याले."

चहावाल्याला मी कधीच विचारलं नाही. गरजच वाटली नाही. बायकोनं किती वेळा म्हटलं की एकदा जाऊन या. ती गेली तेव्हा भाऊ आला होता, गर्दीच्या मागे उभा राहिला आणि तसाच परत गेला. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

डॉक्टरनं मनगट सोडलं. "एकशे बारा. घाबरलात का?"

"घाबरलो नाई. राग आला."

"हृदयाला दोन्ही सारखंच. ते नुसतं जोरात चालायला लागतं."

मी उठणार होतो, तो बसलो. "आन् मानूस खोटं बोलत असला तर?"

"तरी वाढेल. खरं बोलतानाही वाढेल, समोरचा विश्वास ठेवणार नाही अशी भीती असली तर. उपाशी असला, उन्हातून चालून आला, रडून आला, तरी वाढेल. नाडीवरून वेग कळतो, काका. कारण नाही कळत."

मी मंगळवारची तारीख घेऊन बाहेर आलो आणि बाकावर बसलो. औषधाच्या खिडकीसमोर रांग होती. मला त्या दिवशीचा भाऊ दिसायला लागला. तीन दिवसांचं जागरण, अन्न नाही, डोक्याचे केस उतरवलेले, आणि समोर हात उगारण्यासाठी गावभर ठाऊक असलेला थोरला भाऊ. त्याची नस स्थिर राहिली असती तरच नवल. बाजारात समोरच्याला फक्त आकडा लपवायचा असतो, म्हणून माझा अंगठा तिथे बरोबर ठरायचा. तोच अंगठा मी घरी आणला होता.

तरी माझा स्वभाव जात नाही. याचा अर्थ तो खरं बोलला असंही होत नाही, हे मी त्याच बाकावर स्वतःला दोनदा बजावलं. मग बायकोनं कधीतरी मोबाइलमध्ये घालून ठेवलेल्या भावाच्या नंबरावर फोन लावला.

"कोन बोलते?"

"मी."

 "बोल."

"मंगळवारी ऑपरेशन हाय. छातीचं. बाहेर घरचं मानूस पायजे म्हणते."

"सारा बाजार ओळखते ना तुले. बसव त्यातला एखादा."

"तो बाजार मोडला."

"मंग माही आठवण आली."

"येत नसशीन तर तसं सांग. ठेवतो फोन."

"ठेव ना. दुसरं काय येते तुले?"

मी ठेवला नाही. सौद्यात गप्प राहून समोरच्याला बोलतं करणं मला चांगलं जमतं, पण त्या वेळी मी गप्प होतो ते पुढे काय म्हणावं हे सुचत नव्हतं म्हणून. शेवटी तोच म्हणाला, "कोन्त्या मजल्यावर?"

मंगळवारी तो पहिल्या एसटीनं आला. म्हातारा झाला होता. नर्सनं दाखवलं तिथे सही केली आणि मला विचारलं, "काई खाल्लं?"

"उपाशी ठेवलं हाय."

"बरं."

तेवढंच बोलणं झालं. ऑपरेशन चालू असताना हृदय थांबवतात आणि रक्त फिरवायचं काम यंत्र करतं, हे डॉक्टरनं मला आधी सांगितलं होतं. तितका वेळ माझ्या मनगटात कुणालाही काही लागलं नसतं. नंतर वॉर्डातली मावशी सांगत होती, "तुमचा भाऊ दिवसभर उभाच होता. बस म्हटलं तर बसे नाई. हृदय चालू झालं म्हणून सांगतलं, तवा खाली बसला."

चौथ्या दिवशी तो वॉर्डात आला आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. मी वाक्य तयार ठेवलं होतं.

"त्या वक्ती तू निरोप धाडला होता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुले कोनं सांगतलं?"

"कोनीच नाई."

"मंग आता काऊन म्हणून राह्यला?"

"तवा म्याच पारखाले चुकलो."

"बावीस वर्स लोक मले इचारत होते, दादा, का बापाची चिता भावापासून काऊन लपोली म्हणून. पोरीच्या लग्नात व्याह्यानं इचारलं. तू आंगणात म्हणला होता. आता इथं पडल्या पडल्या म्हणतो. इथं कोन हाय आयकाले?" शेजारच्या खाटेवरचा माणूस तोंड फिरवून झोपल्याचं सोंग करत होता. "तिथं येऊन म्हणजो."

तो गेला. नंतर आला नाही.

प्रवासाची परवानगी मिळाल्यावर मी रोहण्याला गेलो. बावीस वर्षांनी त्या अंगणात पाय ठेवला. मी बोलावलं तेव्हा मोजून सहा माणसं जमली, शेजारपाजारची, आणि दारात भावजय. त्या दिवशी अंगणात असलेल्यांतले दोनच आता हयात होते, त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं. मी उभ्यानं सांगितलं. माझ्या भावानं निरोप धाडला नाही असं म्हणायला माझ्यापाशी काही आधार नव्हता, मी उगाच आळ घेतला, आणि अग्नी द्यायचा हक्क त्याचाच होता, कारण शेवटपर्यंत बापापाशी तोच राहिला. मोठ्यानं बोलायला गेलो तर दम लागला, म्हणून मधे एकदा थांबलो.  एक म्हातारी "हो बाप्पा" म्हणाली.

भाऊ गोठ्यात होता. मी आलो तेव्हाही तिथेच, बोललो तेव्हाही तिथेच. गोठ्यातून भांड्याचा आवाज येत होता आणि मी बोलताना मधे तो आवाज थांबला होता. का थांबला, ते मी आता ठरवणार नाही. भावजयीनं चहा दिला, तो घेतला. "ते येतीन, बसा ना भाऊजी," ती म्हणाली. मी थोडा वेळ बसलो, तो बाहेर आला नाही. मग थांब्यावर गेलो. बस यायला तासभर होता आणि थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं.